‘मासे खाऊ नका’ हा न्याय नव्हे

विषारी झालेल्या नदीचा प्रश्न मिटविण्याची एक फार स्वस्त युक्ती सत्ताधाऱ्यांना सापडलेली आहे. नदीला हात लावायचा नाही. काठावरच्या माणसांना मासे खाऊ नका असे बजावायचे! कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील ग्रासी नॅरोज येथील आदिवासी ५० वर्षांहून अधिक काळ हाच उपदेश ऐकत आले आहेत.

या वसाहतीच्या वरच्या अंगाला ड्रायडन येथे कागदाची गिरणी होती. लगदा शुभ्र करण्यासाठी लागणारे क्लोरीन तेथे पाऱ्याच्या साह्याने तयार केले जाई. १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ ते १० टन पारा वाबिगून नदीत सोडला गेला. गाळातील जीवाणूंनी त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर केले. किड्यांतून लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्या माशांत हे विष पायरीपायरीने साठत जाते. ते शिजवून जात नाही आणि मातेच्या रक्तावाटे गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचते.

१९७० साली सरकारने तेथील व्यापारी मासेमारी बंद केली. मनाई आवश्यकच होती. परंतु तिची किंमत कोणी मोजली? मासा हेच ज्यांचे अन्न आणि मासेमारी हाच ज्यांचा रोजगार, त्यांची चूल आणि मजुरी एकाच फटक्यात गेली. १९७५ साली जपानचे डॉ. मासाझुमी हाराडा यांना तेथील लोकांत मिनामाता रोगाची लक्षणे आढळली. तरीही भरपाईचा करार होण्यास १९८५ साल उजाडले. नदीच्या शुद्धीकरणासाठी ८.५ कोटी डॉलर देण्याचे प्रांतिक सरकारने मान्य केले ते तर २०१७ साली! त्यानंतरही काम रेंगाळतच राहिले.

नियंत्रण कडक केले तर कारखाने बंद पडतील आणि कामगार देशोधडीला लागेल, अशी भीती अशा वेळी नेहमीच घातली जाते. हा युक्तिवाद फसवा आहे. पारा नदीत सोडण्याचा निर्णय कामगारांच्या सभेत झालेला नव्हता. कामगाराला आदिवासीच्या विरोधात उभे करून नफ्याला आडोसा देण्याचाच हा प्रकार होय.

पाऱ्यावर निर्बंध घालणारा मिनामाता करार २०१७ साली अमलात आला आणि २०१८ साली भारतानेही त्यास मान्यता दिली. परंतु करारावरील सहीने कोणतीही नदी शुद्ध होत नाही. विष सोडणाऱ्याने ते उपसण्याचा खर्च सोसला पाहिजे. आणि नदी शुद्ध होईपर्यंत काठावरच्या माणसांना अन्न, औषध व रोजगार हक्क म्हणून मिळाला पाहिजे. गुन्हा एकाने करायचा आणि उपास दुसऱ्याने काढायचा, याला आरोग्यधोरण म्हणणे ही लोकशाहीची विटंबना आहे.