उचंत खात्यातील जमीन

पेढीच्या वहीत उचंत खाते फार दिवस उघडे राहिलेले आपल्या वडीलधाऱ्यांना खपत नसे. ज्या रकमेचा धनी ठाऊक नाही ती तेथे तात्पुरती टाकावी आणि दिवाळीच्या आत तिचा निकाल लावावा, ही त्यांची शिस्त. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या पूर्वेकडील कुंपणाबाहेर मात्र ९ फूट रुंदीची एक पट्टी गेली १८ वर्षे अशीच उचंत पडून होती. राडारोडा, फुटकी कुंडी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पावसाळ्यात साचणारे पाणी. आमच्यासह शेजारच्या दोन्ही संस्था म्हणत, ती आमची नव्हे. गतवर्षी तळमजल्यावरील दोन मुले डेंग्यूने आजारी पडली, तेव्हा कोठे सभेत हा विषय निघाला.

सभेत दोन मते पडली. एक मत असे की, जागा बेवारस आहे, भिंत पुढे सरकवून चार मोटारींची सोय करून घ्यावी. बारा वर्षांच्या वहिवाटीने ती आपलीच होईल. दुसरे मत, महानगरपालिकेकडे तक्रार करून मोकळे व्हावे. आमचे वयोवृद्ध खजिनदार काका एवढेच म्हणाले, “जे कोणी दिलेले नाही ते घेण्यापूर्वी निदान कोणाचे आहे ते तरी विचारा.”

वाचकहो, कायद्याच्या दृष्टीने बेवारस जमीन ही चीजच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार जी जमीन दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाही ती शासनाची. आणि शासनाच्या जमिनीविरुद्ध मुदत बारा नव्हे, तीस वर्षांची आहे. शिवाय तेथील अतिक्रमण काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. तेव्हा मोटारींचा बेत तेथेच बारगळला. (बेत मांडणारे शेठ आठवडाभर रुष्ट होते.)

आम्ही नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढली, महानगरपालिकेतून मंजूर आराखड्याची नक्कल मिळवली आणि मोजणीचा अर्ज केला. लगतच्या धारकांना नोटिसा गेल्या व मोजणीच्या दिवशी प्रथमच तिन्ही संस्थांचे पदाधिकारी एका सतरंजीवर बसले. उत्तर निघाले ते सर्वांनाच खजील करणारे. ती पट्टी तिन्ही इमारतींच्या सामाईक मोकळ्या जागेचा भाग होती; पत्रिकेवर नाव अद्याप बिल्डरचेच. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याप्रमाणे संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत अभिहस्तांतरण व्हावयास हवे होते. ते झाले नाही, आणि आम्हीही कधी मागितले नाही. स्वतःच्या दुकानाच्या भाडेकराराची तारीख आम्हांस तोंडपाठ असते. राहत्या घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे हे मात्र अठरा वर्षे कोणी पाहिले नव्हते.

आता तिन्ही संस्थांनी मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केले आहेत. त्यात इमारतीखालील जमिनीसोबत सामाईक जागेतील अविभक्त हिस्साही मागितला आहे. हे विसरू नये. केवळ इमारतीपुरता अर्ज केल्यास पट्टी पुन्हा अधांतरीच राहते.

निकाल लागेपर्यंत काय करावे, यावर फार घोळ झाला नाही. सफाईचा खर्च सदनिकांच्या संख्येप्रमाणे तिघांनी वाटून घ्यायचा, तो निराळ्या खात्यात दाखवायचा, आणि जागेत खिळाही ठोकायचा नाही, असा लेखी करार झाला. मध्यभागी उगवलेला उंबर तोडावा असे काहींचे म्हणणे होते. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगीविना तो तोडता येत नाही, असे कळल्यावर ते गप्प झाले. डबकी बुजली आहेत. सुनावणीची तारीख पुढील महिन्यात आहे. कागदांची थैली खजिनदार काकांनी आपल्या कपाटात ठेवली असून किल्ली कोणाकडेही देत नाहीत.