ग्रुयेरचं चीज आणि मुरघासावरची बंदी

आज जरा लांबच्या गावाबद्दल लिहितोय. विषय मात्र आपलाच आहे, दुधाचा आणि मानांकनाचा.

स्वित्झर्लंडच्या फ्रीबूर प्रांतात ग्रुयेर नावाचं छोटं गाव आहे. भाषा फ्रेंच. टेकडीवर वसलेलं, मध्ययुगातला तट अजून उभा, टोकाला किल्ला. तिथला शेवटचा सरदार कर्जात बुडाला, १५५४ मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि बर्न व फ्रीबूर या सावकार शहरांनी मुलूख वाटून घेतला. (सावकार कुठलाही असो!) सरदार गेले, गावाचं नाव मात्र चीजनं जगभर नेलं.

या चीजला २००१ मध्ये तिथलं मानांकन मिळालं. एका चाकाला साधारण ४०० लिटर दूध लागतं, वजन भरतं ३५ किलोच्या आसपास. दूध कच्चंच वापरायचं, आणि ते २० किलोमीटरच्या आतलंच. जनावरांच्या चाऱ्यापैकी किमान ७० टक्के चारा स्वतःच्या रानातला. आणि मुरघास? अजिबात नाही! उन्हाळ्यात हिरवं गवत, हिवाळ्यात वाळलेलं.

कारण ऐका. मुरघासातले क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू शेणात उतरतात, तिथून सडाला लागून दुधात येतात. ते तापवूनही सहजी मरत नाहीत. चीज किमान पाच महिने मुरवतात. त्या काळात हे जिवाणू आत गॅस करतात, चाक फुगतं, तडकतं, वास मारतं. म्हणजे चूक गोठ्यात झाली तरी कळते महिन्यांनी, सगळा खर्च होऊन गेल्यावर.

आता कोणी मुरघासाचे खड्डे बुजवायला निघू नका. मी स्वतः मुरघास करतो, आणि डेअरीला दूध घालणाऱ्यानं करावाच. माझा मुद्दा वेगळा आहे. तिथं दूधवाला, चीज करणारा आणि मुरवणारा हे तिघं एकाच संघटनेत बसतात. वर्षाला माल किती काढायचा तेसुद्धा तीच संघटना ठरवते. गवत वाळवायचा त्रास शेतकरी सोसतो, कारण दर ठरवताना त्यालाही खुर्ची असते.

आपल्याकडं कोल्हापुरी गुळाला मानांकन आहे, हापूसला आहे. प्रमाणपत्राचे फोटो निघाले, हार घातले. पण साखर घातलेला गूळ त्याच नावानं विकला जातो तेव्हा पेढीवर अडवतं कोण? नुसत्या नावावर विसंबून तर ग्रुयेरवाल्यांचंही भागलं नाही. अमेरिकेतल्या कोर्टानं २०२३ मध्ये सांगून टाकलं की तिथं ग्रुयेर हे चीजच्या एका प्रकाराचं नाव झालंय, कुठल्याही गावच्या चीजला लावता येईल. तरी घरचे नियम त्यांनी सैल केलेले नाहीत.

मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी केलेले कोणी इथं असाल तर कमेंटमध्ये सांगा: नोंदणीनंतर तुमच्या गुऱ्हाळावर किंवा बागेत तपासणीला किती वेळा कोण आलं? आणि दरात किती फरक पडला, तोही आकड्यात लिहा.