एक चूल, चार रक्तगट

आपल्याकडे लग्नासाठी मुलामुलींची जी परिचयपत्रे छापली जातात, ती कधी नीट वाचून पाहावीत. जन्मवेळ, रास, नक्षत्र, गण, नाडी अशा ओळी एकाखाली एक येतात आणि त्यांच्याच पंक्तीला, जणू तीही पंचांगातलीच बाब आहे अशा थाटात, आणखी एक ओळ येते : रक्तगट. जिचा शोध व्हिएन्नातल्या एका प्रयोगशाळेत लागला, ती गोष्ट नाडी आणि गणाच्या शेजारी इतक्या सुखाने कशी नांदते, याची मला नेहमी गंमत वाटत आली. अलीकडे मात्र गमतीची जागा काळजीने घेतली आहे. कारण ही ओळ आता परिचयपत्रावरून उठून थेट स्वयंपाकघरात शिरली आहे.

‘तुमचा रक्तगट कोणता?’ हा प्रश्न पूर्वी इस्पितळात विचारला जाई. आता तो जेवायला बोलावताना विचारावा लागतो. माझ्या परिचयाच्या एका घरात सासरे ‘ओ’ गटाचे म्हणून त्यांची पोळी बंद झाली आहे, सूनबाई ‘ए’ म्हणून त्यांचे दूध बंद, आणि मुलगा ‘बी’ म्हणून त्याच्या भाजीत शेंगदाण्याचे कूट चालत नाही, संक्रांतीचा तिळगूळही नाही. कोणी मोबाइलवर चित्रफीत पाहतो, कोणाला तक्ता येतो, कोणी पैसे भरून आहाराचा सल्ला घेतो. आणि हे सारे वेडगळ माणसे करतात असे नाही. शिकलेली, हिशेबी, प्रकृतीला जपणारी माणसे करतात. म्हणूनच या प्रकरणाकडे नुसते हसून चालणार नाही.

मूळ मत काय आहे ते आधी सरळपणे मांडू. अमेरिकेतील निसर्गोपचारक पीटर डी’अ‍ॅडॅमो यांनी १९९६ साली या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्यांचे वडील जेम्स डी’अ‍ॅडॅमो यांनी तोच विचार आधी मांडला होता. मुलाने त्याला इतिहासाची आणि रसायनशास्त्राची जोड दिली. ‘ओ’ हा सर्वांत जुना रक्तगट, शिकारी माणसाचा. म्हणून त्या गटाच्या लोकांनी मांस खावे, गहू आणि दूध टाळावे. ‘ए’ हा शेती करणाऱ्यांचा. त्यांनी शाकाहारी राहावे. ‘बी’ हा हिमालयाच्या परिसरातील भटक्या पशुपालकांचा. त्यांना दूधदुभते मानवते, पण कोंबडी, मका, शेंगदाणे, तीळ नकोत. ‘एबी’ हा अगदी अलीकडचा, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा. त्यांनी दोहोंतले थोडे थोडे घ्यावे. आपल्या गटाला न मानवणारे अन्न खाल्ले, तर त्यातील ‘लेक्टिन’ नावाची प्रथिने रक्तपेशींना एकमेकींना चिकटवतात आणि त्यातून नाना रोग उद्भवतात, असा एकंदर सिद्धांत. पुस्तक प्रचंड खपले आणि जगभर पसरले.

गोष्ट मोठी देखणी आहे. शिकारी, शेतकरी, गुराखी आणि त्यांचे वंशज असलेले आपण! कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला अशी गोष्ट आवडतेच. पण गोष्ट देखणी असणे आणि ती खरी असणे यांत फरक आहे.

रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी लावला. १९०० आणि १९०१ च्या सुमारास आपल्या व आपल्या सहकाऱ्यांच्या रक्ताचे नमुने एकमेकांत मिसळताना त्यांना आढळले, की काहींच्या पेशी एकत्र गोळा होतात, काहींच्या होत नाहीत. चौथा ‘एबी’ गट त्यांच्या सहकाऱ्यांना १९०२ साली सापडला. १९३० साली लँडस्टायनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी एकाचे रक्त दुसऱ्याला देणे म्हणजे जीवनमरणाचा जुगार होता. आज शस्त्रक्रियागृहात आणि प्रसूतिगृहात वाचणाऱ्या असंख्य जीवांमागे हे एक निरीक्षण आहे.

आणि हा गट म्हणजे असतो तरी काय? तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या लहानशा साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाला एक प्रकारची शर्करा जोडलेली असली की ‘ए’, दुसऱ्या प्रकारची असली की ‘बी’, दोन्ही प्रकारच्या साखळ्या असल्या की ‘एबी’, आणि टोक मोकळेच राहिले की ‘ओ’. मी आयुष्यभर बँकेत काम केले. तिथे धनादेशावरची सही नमुन्याशी ताडून पाहतात. सही जुळली तर धनादेश कोणाचा हे कळते. खात्यात पैसे किती आहेत हे सहीवरून कळत नाही. रक्तगट ही अशी सही आहे. तिच्यावरून पोटाचे खाते वाचू पाहणे, हा या आहाराचा मूळ घोटाळा.

आता सिद्धांताचे खांब एकेक करून पाहू. पहिला खांब इतिहासाचा. ‘ओ’ सर्वांत जुना असे हे मत सांगते. जनुकांचा अभ्यास वेगळेच सांगतो. ‘ए’ची शर्करा जोडणारे जे जनुक आहे, त्यात बिघाड झाला की बहुधा ‘ओ’ तयार होतो. बिघडण्यासाठी मूळ वस्तू आधी असावी लागते. तेव्हा ‘ओ’ हा ‘ए’च्या आधीचा असू शकत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की ‘ए’ आणि ‘बी’ हा भेद माणसात आणि गिबन माकडांत समान आहे आणि तो किमान दोन कोटी वर्षे जुना आहे. माणसाने शेती सुरू केली त्याला दहा-बारा हजार वर्षे झाली. म्हणजे शेतकऱ्याच्या आधी कोट्यवधी वर्षे ‘शेतकऱ्याचा’ रक्तगट झाडांवर लोंबकळत होता! ‘एबी’ तर एका पालकाकडून ‘ए’ आणि दुसऱ्याकडून ‘बी’ आला की होतो. त्याला हजार वर्षे थांबण्याचे कारणच नाही. दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवासी जवळजवळ सगळे ‘ओ’ गटाचे. सिद्धांताप्रमाणे ते शिकारी हवेत आणि मका त्यांना वर्ज्य हवा. प्रत्यक्षात त्यांच्या संस्कृती मका, बटाटा आणि घेवड्यावर उभ्या राहिल्या.

दुसरा खांब लेक्टिनचा. इथे मात्र थोडे खरे आहे, आणि ते आपल्या अगदी घरातले आहे. काही बियांमधील लेक्टिने विशिष्ट रक्तगटाच्या पेशी ओळखून त्यांच्या गुठळ्या करतात, ही गोष्ट सिद्ध आहे. त्यातले प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आपला कुळीथ. १९५१ साली जी. डब्ल्यू. जी. बर्ड या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की कुळथाच्या दाण्यांचा अर्क ‘ए’ गटाच्या पेशींना गोळा करतो. ‘ए’ गटातले दोन उपप्रकार वेगळे ओळखण्यासाठी रक्तपेढ्यांत या अर्काचा उपयोग होतो. कोकणातल्या गरिबाच्या पिठल्याने वैद्यकशास्त्राची केवढी सेवा केली आहे, पाहा!

मग ‘ए’ गटाच्या कोकणी माणसाने कुळथाचे पिठले सोडायचे का? मुळीच नाही. परीक्षानळीत कच्च्या दाण्याचा अर्क थेट रक्तावर घातलेला असतो. ताटातला कुळीथ भाजलेला, दळलेला, शिजलेला असतो. उष्णतेने बहुतेक लेक्टिनांचा जोर जातो, आणि पोट व रक्त यांच्यामध्ये पचनसंस्थेचा पहारा असतो तो वेगळाच. राजम्याचे लेक्टिन खरोखर त्रासदायक आहे. कच्चा वा अर्धकच्चा राजमा खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात. पण ते कोणत्याही रक्तगटाच्या माणसाला होतात, आणि त्यावरचा उपाय आपल्या आजी-पणजींना ठाऊक होता : रात्रभर भिजत घाला, पाणी फेका, खळखळून शिजवा.

तिसरा खांब अनुभवाचा. ‘मला गुण आला’ असे सांगणारी माणसे भेटतात आणि ती खोटे बोलत नाहीत. त्यांच्या अनुभवाचा अर्थ २०१४ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या अभ्यासाने उलगडला. १,४५५ लोकांचा आहार, रक्तगट आणि प्रकृती तपासली. ‘ए’साठी सांगितलेला, भाजीपाला आणि फळांवर भर देणारा आहार जवळपास पाळणाऱ्यांचे वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल कमी आढळले. पण तो लाभ ‘ए’ गटाच्या लोकांना जितका, तितकाच इतरांनाही! २०१३ साली बेल्जियममधील संशोधकांनी या विषयावरचे १,४१५ संदर्भ चाळले आणि या आहाराचा रक्तगटानुसार लाभ होतो असा पुरावा त्यांना कुठेच मिळाला नाही. २०२० अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीतही सोळा आठवडे वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांचे वजन रक्तगटाकडे न पाहताच उतरले. बेकरीचे पदार्थ, तळण, साखर सोडली, भाज्या वाढवल्या, जेवणाकडे लक्ष दिले, तर कोणालाही बरेच वाटेल. कावळा बसला आणि फांदी तुटली. श्रेय मात्र कावळ्याने घेतले.

रक्तगटाचा आरोग्याशी काहीच संबंध नाही, असेही नाही. ‘ए’ गटात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण किंचित अधिक असल्याचे १९५३ पासून नोंदले गेले आहे. ‘ओ’ गटाला तीव्र मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, पण पटकी झाली तर ती जोराची होते. शिरांत रक्त गोठण्याचा धोका ‘ओ’ गटात थोडा कमी. या गोष्टी खऱ्या आहेत. मात्र ही हजारो लोकांत दिसणारी लहान लहान फरकांची गणिते आहेत. त्यांतून उद्याच्या डब्यात काय भरायचे याचे उत्तर निघत नाही.

आणि आपल्या मुंबईने तर या चार रकान्यांच्या तक्त्याला केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे. १९५२ साली डॉ. भेंडे, डॉ. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारही गटांत न बसणारे रक्त शोधून काढले. तोच ‘बॉम्बे रक्तगट’. ‘ओ’ गटाच्या पेशीवर जी मूळ साखळी असते, ती या लोकांत पूर्णच होत नाही. भारतात सुमारे दहा हजारांत एखादा असा सापडतो. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ‘ओ’सारखे दिसते, पण ‘ओ’चे रक्त यांना दिले तर जिवावर बेतते. आहाराचा तक्ता हाती घेतलेला सल्लागार यांना शिकारी ठरवून मांस खायला सांगेल. रक्तपेढीत ज्या फरकावर प्राण अवलंबून, तो तक्त्याला दिसतही नाही.

तरीही माणसे या तक्त्याकडे का वळतात? आपल्या परंपरेत याची जमीन आधीच नांगरलेली आहे. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वात, पित्त, कफ यांची भाषा आपल्याला परकी नाही. पण चांगला वैद्य नाडी पाही, जीभ पाही, ऋतू, वय, भूक, झोप, काम विचारी. एका अक्षरावर निकाल देत नसे. आज डॉक्टरांपाशी वेळ नाही आणि रोग तर वाढत आहेत. भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ साली वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीने दिला. घाबरलेल्या माणसाला ‘खास तुमच्यासाठी’ असे कोणी म्हटले, की निम्मा आजार तिथेच हलका होतो. परिषदेच्या हैदराबाद येथील पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या १७ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, वृद्ध यांचा वेगळा विचार आहे, रक्तगटाचा नाही. पण मीठ, साखर, तेल कमी करा, डाळी-भाज्या वाढवा, चाला, हे इतके साधे की त्याचे कोणाला अप्रूप वाटत नाही.

यात नुकसान कोणाचे, असे विचाराल तर दोघांचे. पहिले दुबळ्याचे. वाढत्या वयाच्या ‘ए’ गटाच्या मुलीचे दूध तोडले, शाकाहारी घरातल्या ‘ओ’ गटाच्या आजोबांची पोळी आणि राजमा तोडला, तर त्यांच्या ताटात उरते काय? आणि तक्त्याच्या भरवशावर कोणी मधुमेहाची गोळी बंद केली, तर परिणाम सांगायला नकोत.

दुसरे नुकसान रांधणारीचे. आई ‘ओ’ आणि वडील ‘एबी’ असले, तर त्यांची मुले ‘ए’ किंवा ‘बी’ गटाचीच होतात. आईचा गट एकाही मुलाला मिळत नाही, वडिलांचाही नाही. जे मूल तिच्या पोटात वाढले, तिच्या दुधावर पोसले, त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी आता निराळी चूल मांडायची? चार तक्ते भिंतीवर लावणारे घरातले पुरुष सहसा ओट्यापाशी उभे राहत नाहीत. आणि सगळ्यांचे पथ्य सांभाळून शेवटी जेवायला बसणारी बाई स्वतःच्या गटाचे खाते की उरलेसुरले, हे विचारायला कोणी जात नाही.

पथ्य कोणालाच नको, असे माझे म्हणणे नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, दुधाची वा शेंगदाण्याची खरी अ‍ॅलर्जी यांत काटेकोर पथ्य पाळलेच पाहिजे. पण ते तपासणीवरून, डॉक्टरांना विचारून ठरावे. बाकीच्या घराला एका भांड्यातली आमटी पुरते, आणि एकत्र बसून ती भुरकण्यातही थोडे आरोग्य आहे.

रक्तगट मात्र प्रत्येकाने जाणून घ्यावा. गरोदर स्त्रीने तर अवश्य, कारण आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असले तर वेळेवर द्यायच्या इंजेक्शनाने पुढच्या बाळांचे रक्षण होते. नवराबायकोचा गट एकच असू नये, ही समजूत मात्र निराधार आहे. आणि ज्यांचे वय १८ ते ६५ आहे, वजन निदान ४५ किलो आहे, प्रकृती ठीक आहे, त्यांना या माहितीचा आणखी एक उपयोग आहे. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी रक्त देता येते. पोटभर जेवून जावे. काय जेवलात, हे तिथे कोणी रक्तगटाशी ताडून पाहत नाही.