दोन आठवड्यांत दोनच प्लास्टर

मागच्या उन्हाळ्यात माझ्या लॅपटॉपवर एक फॉर्म तीन दिवस उघडा होता. पूर्व आफ्रिकेतल्या एका खेड्यात दिव्यांग मुलांसाठी दोन आठवडे व्हॉलंटिअरिंग! राहणं-जेवण, शेवटी सर्टिफिकेट आणि विकेंडला सफारी. खर्च अर्थातच आपला, तिकीट धरून लाखाच्या पुढे. फॉर्ममध्ये पासपोर्ट नंबर विचारला होता, टी-शर्टची साइज विचारली होती, व्हेज की नॉनव्हेज तेही विचारलं होतं. मला काय येतं, हे मात्र कुठेच विचारलं नव्हतं.

खरं सांगायचं तर तेव्हा मला ते खटकलंही नाही. परदेशात मास्टर्सला अर्ज करायचा होता, त्यासाठी एसओपीमध्ये एक दमदार परिच्छेद हवा होता. शिवाय फोटो! कडेवर एक गोड लेकरू, मागे लाल मातीचा रस्ता. शेवटी पैशांचं गणित जमलं नाही म्हणून फॉर्म राहिला. माझं मन वगैरे बदललं म्हणून नाही. पण त्या निमित्ताने वाचायला लागले आणि मग मात्र लाज वाटली.

क्लबफूटचंच उदाहरण घ्या. बाळाचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं असतं. उपचार न झाल्यास मूल पावलाच्या कडेवर चालत मोठं होतं, आणि पुढे शाळा, काम, लग्न सगळंच अवघड होऊन बसतं. यावर डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांनी अमेरिकेत विकसित केलेली पद्धत जगभर वापरतात. पाऊल हाताने हळूहळू वळवून प्लास्टर घालायचं आणि दर आठवड्याला ते बदलायचं. अशी साधारण पाच-सहा प्लास्टर. मग बहुतेक बाळांच्या टाचेजवळचा टेंडन छोटासा छेद देऊन सैल करतात. त्यानंतर दांडीने जोडलेले खास बूट. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रोज झोपताना.

आता हिशोब करा. दोन आठवड्यांसाठी गेलेली मी, फार तर दोन प्लास्टर बघून परत आले असते.

युगांडात हे काम मुळात उभं कसं राहिलं? तिथे जन्मलेले आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेले डॉ. शफिक पिरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत तिथे नेली. अस्थिरोग सर्जन मोजकेच होते. म्हणून सरकारी हॉस्पिटलमधल्या ऑर्थोपेडिक ऑफिसर्सना, म्हणजे डॉक्टर नसलेल्या पण हाडांच्या कामात तयार असलेल्या कर्मचाऱ्यांना, प्लास्टर घालायला शिकवलं. बाहेरून आलेला माणूस निघून गेला तरी पुढच्या आठवड्याचं प्लास्टर चुकणार नाही, अशी ती व्यवस्था होती.

आणि खरी अडचण प्लास्टरमध्ये नाहीच. ती बसच्या भाड्यात आहे. दर आठवड्याला बाळाला घेऊन दूरच्या हॉस्पिटलात जायचं म्हणजे शेतावरचा एक दिवस बुडतो, घरातली बाकीची मुलं शेजारणीकडे टाकावी लागतात. पाय सरळ दिसायला लागला की घरातलेच म्हणतात, आता बूट कशाला? बूट सुटले की पाऊल पुन्हा वळण्याची भीती असते. त्या आईशी तिच्या भाषेत बोलणारं, दोन वर्षांनीही ‘बूट घालतेस ना गं त्याला?’ असं विचारणारं माणूस हवं असतं. ते माणूस मी नसणार, हे उघड आहे.

गंमत म्हणजे असे स्वयंसेवक तिथे आहेत. युगांडात 2001 पासून ‘व्हिलेज हेल्थ टीम’ची योजना आहे. गावातलीच माणसं घरोघरी फिरतात, गरज असलेल्यांना दवाखान्याकडे पाठवतात. आपल्या आशाताई आठवा, साधारण तसंच. दक्षिण आफ्रिकेत ‘मलामुलेले ऑनवर्ड’ ही संस्था सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आयांनाच प्रशिक्षक बनवते. मुलाला कसं बसवायचं, कसं भरवायचं, हे एक आई दुसरीला शिकवते. झिम्बाब्वेत रद्दी, पुठ्ठे आणि पिठाची खळ वापरून मुलाच्या मापाची खुर्ची बनवायचं तंत्र तयार झालं. खुर्ची मोडली तर गावातच दुसरी बनते. यांच्यापैकी कुणाचं रील तुमच्या फीडवर कधी आलंय? माझ्याही नाही.

आपल्या फीडवर येतो तो जाऊन आलेल्याचा फोटो. आफ्रिकेला बिचारी दाखवणाऱ्या मदतीच्या मोहिमांची टिंगल करायला नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने 2012 मध्ये व्हिडीओ काढला होता. त्यात आफ्रिकेतली तरुण मंडळी थंडीने कुडकुडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेकरांसाठी हीटर गोळा करतात! हसू येतं, पण मुद्दा बोचतो. आपल्या आजारी भाच्याचा फोटो कुणी परक्याने परवानगीशिवाय टाकला, तर आपण भांडायला जाऊ. मग त्या मुलाच्या आईला तो हक्क का नसावा?

मग बाहेरच्यांनी जाऊच नये का? तसं मी म्हणत नाहीये. फिजिओथेरपिस्ट असाल, काही महिने राहून तिथल्या लोकांना शिकवणार असाल, तर जरूर जा. पण माझ्यासारखी, जिला फक्त कॅमेरा धरता येतो, तिने तिकिटाचे पैसे अशा एखाद्या क्लिनिकच्या प्रवासखर्चाच्या फंडात दिले तर कितीतरी आयांचं बसभाडं निघेल. हां, त्याचा फोटो निघणार नाही. नेमकं तिथेच आपलं घोडं अडतं. आपल्याला मदत करायची असते, पण ती करताना आपण दिसायलाही हवं असतं.

यंदा तो फॉर्म पुन्हा मेलवर आला. या वेळी मी आयोजकांना तीन प्रश्न पाठवले. मी परत गेल्यावर हे काम कोण करणार? हेच काम गावातल्या कुणाला पगार देऊन करता येईल का? आणि मुलांचे फोटो काढायची परवानगी कुणाकडून, कोणत्या भाषेत घेता?

दोन दिवसांनी उत्तर आलं. सोबत सफारीचं ब्रोशर होतं आणि टी-शर्टची साइज पुन्हा विचारली होती.