डीएमएलटीची फी भरण्याआधी सकाळी आठला कॉलेजात जाऊन या



'डीएमएलटी करा आणि स्वतःची लॅब टाका.' तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर असा बोर्ड तुम्ही पाहिला असेलच. कोर्स चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घोळ आहे तो 'स्वतःची लॅब' या शब्दांत. कारण तेवढं ऐकूनच घरचे दागिने गहाण ठेवून फी भरतात.

डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं, की लॅबच्या रिपोर्टवर सही हवी ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची. म्हणजे मशीन तुमचं, गाळा तुमचा, कर्ज तुमच्या नावावर, पण नुसत्या डीएमएलटीच्या जोरावर रिपोर्ट बाहेर देता येणार नाही. तेव्हा तुमच्या गावात पॅथॉलॉजिस्ट येणार का, रोज येणार का, महिन्याला किती घेणार, हा आकडा गाळ्याच्या भाड्याच्याही वर लिहा. आणि कधी न फिरकणारा, नुसता सहीपुरता डॉक्टर शोधू नका. रिपोर्ट चुकला तर पेशंटचे नातेवाईक तुमच्याच दारात येणार.

आता कोर्सकडे बघू. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार अलाईड हेल्थच्या डिप्लोमाला किमान २,००० तास हवेत, तेही दोन ते चार वर्षांत विभागून. सहा महिन्यांचा कोर्स विकणाऱ्याला हा हिशोब करायला सांगा: रविवार सोडून रोज सहा तास धरले तरी हजार तास भरत नाहीत! तो कागद भिंतीवर छान दिसेल, एवढंच. राज्याच्या कौन्सिलमध्ये नोंदणी होते का, हेही काउन्सिलर मॅडमला विचारू नका. त्यांचं काम अॅडमिशन करणं आहे. थेट कौन्सिलला विचारा.

मग एका कामाच्या दिवशी सकाळी आठला, न सांगता, कॉलेजात जा. ही सॅम्पल यायची वेळ. सेंट्रीफ्यूज फिरतंय की त्यावरचं प्लास्टिक अजून तसंच आहे? 'हॉस्पिटलशी टाय-अप आहे' म्हणाले तर त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाऊन टेक्निशियनला विचारा, 'दादा, इथली मुलं खरंच येतात का? रक्त स्वतः काढतात की बाजूला उभी राहून बघतात?' माझ्या मते प्लेसमेंटच्या फोटोंपेक्षा हे उत्तर जास्त खरं असतं.

हात बसला नसेल तर धंदा बसणार नाही. रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. डॉक्टर पुन्हा टेस्ट करायला लावतात आणि पुढचा पेशंट दुसरीकडे पाठवतात.

म्हणून मला विचाराल तर डीएमएलटीनंतर दोन-तीन वर्षं चालत्या लॅबमध्ये नोकरी, मग कलेक्शन सेंटर आणि घरी जाऊन सॅम्पल घेणं. टेस्ट मोठ्या लॅबमध्ये, सही तिथल्या पॅथॉलॉजिस्टची, तुम्हाला कमिशन. अॅनालायझरचा हप्ता नाही. सुया आणि कापसाच्या जैविक कचऱ्याचे नियम मात्र इथेही लागू होतात, त्या परवानगीचा आणि कचरा उचलणाऱ्या गाडीचा खर्च आधीच धरा.

कमिशन किती टक्के आणि पैसे किती दिवसांनी मिळणार, हे लॅबकडून लेखी घ्या. त्या करारात काय काय बघायचं, ते पुढच्या व्हिडिओत.