सूक्ष्मतरंगांच्या प्राध्यापिका

दीपावलीच्या या अंकाचा प्रारंभ आम्ही राजेश्वरी चटर्जी यांच्या स्मरणाने करीत आहोत; कारण ज्या विदुषीचे नाव कर्नाटकातील पहिली महिला अभियंता एवढ्याच बिरुदाखाली वारंवार छापले जाते, तिच्या कर्तृत्वाचा मोलाचा भाग ते बिरुद मिळाल्यानंतर सुरू होतो, अशी आमची निश्चित धारणा आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1933 साली दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमलाबाई (पुढे सोहोनी) यांचा अर्ज त्या केवळ स्त्री म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी नामंजूर केला व अखेर त्यांच्या निग्रहापुढे सशर्त प्रवेश दिला, ही हकीकत मराठी वाचकांस परिचित आहे. पुढे दशकभराने राजेश्वरी (जन्म 1922, नंजनगूड) गणितातील एम.एस्सी. होऊन त्याच संस्थेच्या विद्युत् खात्यात रुजू झाल्या, सरकारी शिष्यवृत्तीवर मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि 1953 साली डॉक्टरेट संपादून परतल्या.

त्यानंतर पती शिशिरकुमार यांच्यासमवेत त्यांनी सूक्ष्मतरंगांच्या संशोधनाची प्रयोगशाळा उभारली. अवघ्या काही सेंटिमीटर लांबीचे हे तरंग साध्या तारेतून दूर नेऊ जाता पुष्कळ शक्ती वाया जाते, म्हणून त्यांना धातूची पोकळ नळी लागते. आणि त्या नळीचे माप तरंगलांबीशी जुळवावे लागत असल्यामुळे कारागिराच्या हातून मिलिमीटरच्या अंशाची चूक झाली तरी समीकरणाने दिलेले उत्तर प्रत्यक्षात उतरत नाही. विद्युत्-चुंबकीय तरंगांची मॅक्सवेलची समीकरणे आणि लेथ यांची फारकत करणाऱ्या विद्यार्थ्याचा येथे निभाव लागणे कठीण, आणि असा विषय निव्वळ गणिताच्या वाटेने आलेल्या स्त्रीने आयुष्यभर शिकवावा, याचे आम्हांस मोठे अप्रूप वाटते. वीस विद्यार्थ्यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. शंभरांहून अधिक शोधनिबंध, सात ग्रंथ आणि विभागप्रमुखाचा हुद्दा हा त्यांच्या सेवेचा उर्वरित तपशील. 1982 साली निवृत्त झाल्यावर त्यांनी स्त्री-अभ्यासाच्या चळवळीत काम केले. 2010 साली त्या निवर्तल्या.

पुणे, सांगली, कऱ्हाड येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत आज शिकवणाऱ्या अध्यापिकांविषयी आमच्याकडे लेख येतात, त्यांतही प्रथमत्वाचेच कौतुक विपुल आणि अध्यापनाचे वर्णन अत्यल्प असते. लेखकांस आमची कळकळीची विनंती आहे की, त्या बाई कोणता विषय शिकवतात, कोणती उपकरणे त्यांनी खटपटीने मिळवली आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली कोणत्या कामावर लागल्या, हे त्यांनी प्रथम लिहावे. अशा लेखांस पुढील वर्षीच्या अंकात आम्ही आनंदाने जागा राखून ठेवू.