जिंकणारी सोंगटी वेगळी ठेवा

रिची माजाँगमधल्या याकुमानचे गणित सोपे असते. फू मोजायचे नाहीत, दोरा धरायचा नाही. ओयाला 48,000, इतरांना 32,000, आणि दर होन्बामागे नेहमीचे 300. पेच पडतो तो पुराव्याचा. हात जाहीर झाला की तिघे वाकून बघतात, जिंकणारा हौसेने सोंगट्या ओळीत लावू लागतो, आणि पंच येईपर्यंत शेवटची सोंगटी बाकीच्या तेरांत मिसळून गेलेली असते.

सुआन्कोच घ्या. दक्षिणेच्या खेळाडूच्या हातात एक मान, चार पिन आणि सात सो यांची बंद त्रिकुटे आहेत. शिवाय नऊ पिन आणि पश्चिम वाऱ्याच्या जोड्या. नऊ पिन त्याने स्वतः उचलली तर चारही त्रिकुटे बंद, म्हणजे याकुमान: ओयाकडून 16,000, उरलेल्या दोघांकडून प्रत्येकी 8,000. तीच नऊ पिन दुसऱ्याने टाकली आणि याने रॉन म्हटले, तर ते त्रिकूट उघडे धरले जाते. उरतात तोइतोई आणि सानआन्को: चार हान, 50 फू. रिची आणि दोरा नसतील तर मांगान, फक्त 8,000. आणि नऊ पिनचे त्रिकूट आधीच हातात असून एका पश्चिमेवर तो थांबला असेल, तर रॉननेही याकुमान! सोंगट्या तिन्ही वेळा त्याच चौदा. निवाडा होतो तो शेवटच्या सोंगटीवर, आणि तीच कोणती होती हे कळेनासे झालेले असते.

पाओच्या बाबतीत तर आपण फारच ढिले आहोत. दोन ड्रॅगनची त्रिकुटे उघडी मांडलेली असताना तिसरा ड्रॅगन टाकून ज्याने पोन होऊ दिला, दाइसांगेनची जबाबदारी त्याची. जिंकणाऱ्याने त्सुमो केले तर 32,000 तो एकटाच भरतो. तिसऱ्याच कुणाच्या सोंगटीवर रॉन झाला तर दोघे 16,000-16,000 वाटून घेतात. एखादा ड्रॅगन हातात बंद त्रिकूट म्हणून असेल तर पाओ लागत नाही. आता तिसरा ड्रॅगन कुणी टाकला याची साक्ष फक्त पोनमधली आडवी सोंगटी देते: डावीकडच्याची असेल तर डाव्या टोकाला, समोरच्याची मध्ये, उजवीकडच्याची उजव्या टोकाला. ती घाईने कशीही ठेवणाऱ्या खेळाडूंना पंचांनी तिथल्या तिथे टोकावे. याकुमानची वाट पाहू नये. एक हानच्या हातातही टोकावे, कारण सवय तिथेच लागते.

दोन याकुमान एकत्र धरणाऱ्या स्पर्धांत दाइसांगेनसोबत त्सूइसो आले, तर पाओ फक्त दाइसांगेनपुरता; त्सूइसोचे पैसे नेहमीसारखे वाटले जातात. पाओवाला आणि जिंकणारा दोघेही ओया नसतील, तर त्सुमोवर पाओवाला 40,000, ओया 16,000 आणि उरलेला 8,000 देतो.

दुहेरी याकुमान आहे का, सुकान्त्सूला पाओ आहे का, रॉन विभागला गेला तर होन्बा कुणी भरायचा, हे तीन मुद्दे स्पर्धेगणिक बदलतात. पंचांनी ते पहिला फासा टाकण्याआधी प्रत्येक टेबलावर वाचून दाखवावेत, आणि हात तपासून होईपर्यंत एकाही सोंगटीला कुणाचा हात लागू देऊ नये.